तेवीस नंबरची अकरा पुस्तकं

शाळेचं ग्रंथालय विष्णुपंतांच्या गळ्यात कसं पडलं, ती हकिकत काही फार मोठी नाही. ज्या मास्तराला वर्गात उभं करून उपयोग नाही, पण काढूनही टाकता येत नाही, त्याच्या हातात अलमारीच्या किल्ल्या द्यायच्या, असा त्या शाळेचा जुनाच रिवाज होता. विष्णुपंत मराठी शिकवायचे. एक दिवस शिकवता शिकवता ते खुर्चीत बसले आणि तास संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुखत काही नव्हतं, खुपत काही नव्हतं. नुसता कंटाळा आला होता. सर रागावलेत की आजारी आहेत हे न कळून पोरं बिचारी चिडीचूप बसून राहिली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी किल्ल्या आणून दिल्या. म्हणाले, "पंत, आता जरा आराम करा." घ्या. आराम म्हणे.

ग्रंथालय म्हणजे तरी काय, प्रयोगशाळेच्या खोलीचा मागचा अर्धा भाग. जाळीच्या दारांच्या दोन लोखंडी अलमाऱ्या, एक टेबल, एक बाक आणि वर तापणारे पत्रे. पुस्तकं सहाशेच्या वर होती. सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं आणि पाठीवर फक्त नंबर. नाव बघायचं तर पुस्तक काढून उघडावं लागायचं. ताडकळसच्या बाजाराला जाणारी एसटी शाळेसमोरून गेली की अलमाऱ्यांची दारं थरथरायची, तेवढीच काय ती त्यांची हालचाल.

पहिलं वर्षभर विष्णुपंतांनी पुस्तकं दिली, नाही असं नाही. दर शनिवारी सकाळच्या शाळेत पोरं रांगेत यायची, पुस्तक घ्यायची, पुढच्या शनिवारी परत करायची. मग नकाशांचं एक मोठं पुस्तक गहाळ झालं. झालं, मेमो आला. खुलासा लिहिला, तो समाधानकारक नाही म्हणून परत आला. दुसरा लिहिला, तोही आला. तिसऱ्या खुलाशावर कुणीतरी लाल शाईनं "कर्तव्यात कसूर" असं लिहून तो त्यांच्या सेवापुस्तकात डकवून टाकला. ते नकाशांचं पुस्तक पुढं हेडमास्तरांच्याच घरी सापडलं, उंदरांनी कुरतडलेलं. पण मेमो तो मेमोच राहिला.

त्या दिवशी विष्णुपंतांनी अलमाऱ्यांना जे कुलूप घातलं, ते घातलं. पोरं यायची, दारात उभी राहायची. "सर, पुस्तक?" सर म्हणायचे, "पुढच्या शनिवारी ये." पुढच्या शनिवारीही तेच. एकदोन महिन्यांत पोरांनाही कळायचं आणि ती यायची बंद व्हायची. पोरांचं काय, पोरं शहाणी असतात.

पण देवघेवीची वही तर भरायला पाहिजे. तपासणीला साहेब येतो तो अलमारी उघडत नाही, वही उघडतो. मग विष्णुपंत दर वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी चार दिवस बसायचे. वर्गांचे हजेरीपट समोर घ्यायचे आणि हजेरी क्रमांकानुसार एकेका पोराच्या नावावर पुस्तकं चढवायचे. या शनिवारी एक नंबरच्या पोराला शंभरावं पुस्तक, दोन नंबरच्याला एकशे एकावं, पुढच्या शनिवारी एकेक घर खाली सरकवायचं. अक्षर मोत्यासारखं. मध्येच दौत बदलायची, निळ्या शाईनंतर काळी. कुठं "दोन दिवस उशिरा परत", कुठं "पान दुमडलेले" अशीही नोंद टाकायची. उगीच शंका नको. एका साहेबानं तर शेरा दिला होता, "ग्रंथांची देवघेव अत्यंत समाधानकारक." तो शेरा वाचून विष्णुपंतांना हसूही आलं नव्हतं, इतके ते दमलेले होते.

अशी वर्षं गेली. आता शहात्तर साल चाललं होतं आणि विष्णुपंतांच्या नोकरीचे आठ महिने उरले होते. तेवढे गेले की सुटलो, असं ते रोज सकाळी सायकलला टांग मारताना स्वतःला सांगायचे. आणि नेमके त्याच वर्षी माधवराव नावाचे नवे हेडमास्तर आले. औरंगाबादेत शिकलेले, तरुण, कडक इस्त्रीचे. त्यांनी फर्मान काढलं की नववीच्या प्रत्येक मुलानं एक विषय घ्यायचा, ग्रंथालयात बसून त्याची माहिती शोधायची आणि चार पानं लिहायची. कशी शोधायची ते विष्णुपंतांनी शिकवायचं.

विष्णुपंतांना ते येत नव्हतं असं नाही, हीच तर पंचाईत. तरुणपणी हैदराबादेत ट्रेनिंगला होते तेव्हा त्यांनी संध्याकाळच्या संध्याकाळ वाचनालयात काढल्या होत्या. एका शब्दासाठी पाच पुस्तकं पालथी घालणारा माणूस होता तो. आता नववीसमोर उभं राहून त्यांनी फळ्यावर लिहिलं: माहिती कुठे मिळाली ते लिहा. पान नंबर लिहा. एका जागी मिळालेली माहिती दुसऱ्या जागी ताडून पाहा. खडू खाली ठेवला. बोलायचं पुष्कळ होतं, पण कोण बोलणार.

मग विषय वाटले. वाटताना त्यांनी एवढंच बघितलं की अलमारी कमीत कमी वेळा उघडावी लागावी. कुणाला गावातलं पीकपाणी दिलं, कुणाला गोदावरीचे पूर, म्हणजे पोरांनी घरीच आजोबांना विचारावं. शेवटी उरली केशर खंदारे. बुद्धवाड्यातल्या सिताराम खंदारेची मुलगी. बाप परभणीला हमाली करायचा, आई सगुणाबाई शेतात रोजानं जायची. पोरगी दिसायला किडकिडीत, पण विचारायला लागली की सोडायची नाही.

"सर, मला कोनता इषय?"

विष्णुपंतांनी डोळे मिटले. डोकं ठणकत होतं. समोर टेबलावर देवघेवीच्या सात-आठ वह्या पडल्या होत्या. ते म्हणाले, "तू असं कर. आपल्या शाळेतली मुलं काय काय वाचतात ते लिही. ह्या वह्या घे. वर्षाला किती पुस्तकं गेली, कोणती जास्त गेली, मोज आणि लिही. अलमारी उघडायचीसुद्धा गरज नाही."

स्वतःच्या हातानं वह्या दिल्या हो. दुसऱ्या कुणी नाही.

केशर रोज मधल्या सुट्टीत येऊन बाकावर बसायची. एका कागदावर रेघा मारून मोजायची, पाच झाल्या की आडवी रेघ. विष्णुपंत टेबलावर डुलक्या घ्यायचे. चौथ्या दिवशी तिनं मान वर केली.

"सर, बहात्तर-त्र्याहत्तरला सगळ्यात जास्त वाचलंय पोरांनी."

"असेल."

"पर तवा तर दुष्काळ होता. सगळी दुष्काळी कामावर होती. मला पेडगावला मामाकडं ठिवलं होतं."

"दुष्काळात माणूस वाचतो," विष्णुपंत म्हणाले. स्वतःलाच ते बोलणं असं काही बावळट वाटलं की त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

केशर पुन्हा वहीत बघू लागली. थोड्या वेळानं तिचं मोजणं थांबलं. बोट एका ओळीवर, मग पान उलटून दुसऱ्या ओळीवर. तिनं नवा कागद घेतला आणि त्यावर काही उतरवून घेतलं. जाताना विचारलं, "सर, जुने हजेरीपट कुटं असतेत?"

"कशाला ग?"

"दुसऱ्या जागी ताडून बघायचंय. तुमीच म्हनला होता."

विष्णुपंतांनी खालच्या खणाकडे बोट केलं. काय करणार, फळ्यावर लिहिलेलं पुसता येतं, पोरांच्या डोक्यातलं नाही. तिनं बहात्तर-त्र्याहत्तरच्या सातवीचा पट काढला, दहा मिनिटं पाहिला, जागेवर ठेवला आणि गेली.

मग दोन दिवस ती आलीच नाही. पहिल्या दिवशी विष्णुपंतांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी काही सुचेना. त्यांनी ती वही ओढली आणि सातवी ब उघडली. तेवीस नंबर. नागनाथ सिताराम खंदारे. सातवीची पाळी वीस जानेवारीपासून एकतीस मार्चपर्यंत, अकरा शनिवार, अकरा पुस्तकं. एक "दोन दिवस उशिरा परत." अक्षर सुरेख. केशरचा भाऊ होता म्हणायचा हा. विष्णुपंतांनी त्याचा चेहरा आठवून बघितला. काही आठवेना. वर्गात साठ पोरं, आणि दारात येऊन उभी राहणारी तर किती.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, पोरं गेली, तेव्हा केशर दारात आली. मागं एक बाई होती. डोक्यावरून पदर, हातात विळा, कामाच्या वाटेवरून तशीच वळून आलेली.

"सर, माजी माय," केशर म्हणाली.

विष्णुपंत उठले. "या. बसा बाकावर."

सगुणाबाई बसल्या नाहीत. विळा त्यांनी दाराबाहेर ठेवला, आत आल्या आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या. "गुरुजी, एक इचारायचं हाय. ह्या वहीत आमच्या नागनाथाच्या नावावर अकरा पुस्तकं हायत म्हनं. खरं हाय का?"

"वहीत आहेत," विष्णुपंत म्हणाले. मास्तर माणूस. उत्तर द्यायचं पण अडकायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं.

"मंग ऐका. मी सांगते ते ऐका आन् मंग बोला." सगुणाबाईंनी पदर सावरला. "त्या साली आमी पाझर तलावाच्या कामावर होतो. हितून दोन कोस. नागनाथ लहान म्हनून कामाच्या हजेरीत नाव न्हवतं, पानी वाटायचा, खायाला सुकडी मिळायची तिच्या रांगंत उभा ऱ्हायचा. पर शनवार आला की पहाटं उठून शाळंकडं पळायचा. शनवारी पुस्तक देतेत, म्हनायचा. दुपारी परत यायचा तर हात मोकळे. मी म्हनायची, पुस्तक कुटंय? तर म्हनायचा, सरांनी दिलं न्हाई. फुडल्या शनवारी ये म्हनले."

विष्णुपंतांचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथंच राहिला.

"एक शनवार झाला, दोन झाले, पाच झाले. कामावर सूर्यभान मुकादम होता. त्यो म्हनला, सगुणाबाई, तुजं पोरगं शाळंत कुटं जायलंय, गावात हुंदडायलंय, तुला खोटं सांगायलंय. मला पटलं. आता सरकारी शाळा, मास्तर कामून देनार न्हाईत पुस्तक? सहाव्या शनवारी आला तसा त्याला सगळ्यांम्होरं मारला. लय मारला. खोटं बोलतूस म्हनून मारला. त्यो नुसता म्हनत होता, माय, खरंच कुलूप हाय. फुडच्या शनवारी गेला न्हाई. मंग ताप आला. शिमग्याच्या आदी चार दिवस गेला."

खोलीत पत्र्याचा कडकड आवाज होत होता, उन्हानं तापून. केशर खाली बघत होती.

"चार वरसं होत आली गुरुजी. जेवाया बसलं की मनात येतं, पोरगं खरं बोलत आसंल का? मी खऱ्यापायी मारलं का त्याला? कुनाला इचारावं? परवा हिनं घरी येऊन सांगितलं, माय, नागनाथदादाच्या नावावर अकरा पुस्तकं हायत. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हनलं, चला, पोरगंच खोटं होतं. पुस्तक घ्यायचा आन् कुटं तरी लपवायचा. त्या रातीला चार वरसांत पयल्यांदा झोपले मी." त्यांनी केशरकडे बघितलं. "मंग सकाळी ही म्हनाली, तीन तारखा त्यो गेल्याच्या नंतरच्या हायत."

"सतरा, चोवीस आन् एकतीस मार्च," केशर म्हणाली. "हजेरीपटात ताडून बघितलं सर. तिथंबी त्यो हजरच हाय. एप्रिलपर्यंत हजर हाय."

आता हे कुणी कुणाला समजावून सांगायचं? पटावरची मुलं कमी झाली तर तुकडी जाते, तुकडी गेली तर मास्तर जातो, म्हणून वर्गशिक्षक दिनकररावांनी दुष्काळात एकही नाव काढलं नव्हतं. जे पोर खडी फोडत होतं तेही हजर, आणि जे मातीत गेलं तेही हजर. आणि त्या पटावरून विष्णुपंतांनी वही भरली होती. शहानिशा करायला दोन जागा, आणि दोन्ही जागी एकच खोटं. पोरीनं शेवटी तिसऱ्या जागी, आपल्या आईपाशी, ताडून पाहिलं होतं.

"मेल्यावर महिनाभर हजर होता म्हनं माजा नागनाथ," सगुणाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर विष्णुपंतांना सोपं गेलं असतं. "तर मी काय म्हनते गुरुजी, लिहिनाऱ्याच्या हातून चूक व्हती. त्या तीन चुकून पडल्या आसतील. पर आदीच्या आठ तर खऱ्या आसतील ना? तेवढं सांगा. मी जाते मंग, कामाला उशीर व्हायलाय."

बघा. बाईनं वाट करूनच दिली होती. तीन चुकल्या, आठ खऱ्या. नुसतं "हो" म्हणायचं. हो म्हटलं की बाई रात्री झोपणार. हो म्हटलं की माधवरावांच्या कानावर काही जाणार नाही, आठ महिने सुखाने निघून जातील, सेवापुस्तकात दुसरा लाल शेरा पडणार नाही. नुकसान कुणाचं? एका मेलेल्या पोराचं. तो लबाड ठरणार, एवढंच. आणि तो काही येऊन तक्रार करणार नव्हता.

विष्णुपंत धीराचे नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणाचा गैरसमज व्हायला नको. "हो" त्यांच्या ओठापर्यंत आलंही होतं. पण हो म्हटलं की बाई पुढं विचारणार, कोणती आठ? कोणतं त्याला आवडलं? काय म्हणाला? मग पुन्हा सगळं उभं करा. पुन्हा तारखा जुळवा, नावं जुळवा, शाई बदला. आणि ही पोरगी ते सगळं कागदावर उतरवून पुन्हा ताडून बघणार. तेवढा जीव आता त्यांच्यात उरला नव्हता. खोटं बोलायलाही माणसाला उमेद लागते.

"आठही खोट्या आहेत," ते म्हणाले.

सगुणाबाईंना कळलं नाही.

"बाई, सगळी वहीच खोटी आहे. पोरगं खरं बोलत होतं. अलमारीला कुलूपच होतं. मीच त्याला म्हणायचो, पुढच्या शनिवारी ये. ही नावं मी नंतर बसून लिहिली."

हे बोलून झाल्यावर बरं वाटेल असं त्यांना कुठं तरी आत वाटलं होतं. काही बरं वाटलं नाही. ते खुर्चीत बसले. बाई उभ्या आणि मास्तर बसलेले, हे ठीक दिसत नाही हे त्यांना कळत होतं.

सगुणाबाईंनी विचारलं, "आमच्याच पोरान्ला देत न्हवता का सगळ्यान्ला?"

"सगळ्यांनाच."

"पाटलाच्या पोराला?"

"त्यालाही नाही. कोणालाच नाही."

त्यांनी मान हलवली. ती कशासाठी हलवली ते विष्णुपंतांना समजलं नाही. कदाचित त्या उत्तराचा त्यांना काही उपयोग नव्हता. मग त्या खाली बसल्या, बाकावर नाही, जमिनीवर, भिंतीला टेकून. "म्हंजे मी त्याला खऱ्यापायीच मारलं," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. हात मांडीवर उताणे पडले होते, तळव्यांना कापसाच्या पऱ्हाट्यांचे ओरखडे होते. केशर जाऊन त्यांच्याजवळ टेकली.

विष्णुपंतांना वाटलं, आपण हो म्हणायला पाहिजे होतं. अगदी मनापासून वाटलं. या बाईची झोप आपण घेतली, आणि तीही खरं बोलून. आता माफी तरी कशाची मागायची? कुलपाची, वहीची, की आत्ताच्या खऱ्याची?

"सर," केशर म्हणाली, "हे माज्या चार पानांत लिवू का?"

"लिही."

"कुनी सांगितलं म्हनून लिवू?"

"माझं नाव लिही. पूर्ण नाव लिही. माधवरावांनी विचारलं तर माझ्याकडे पाठव."

आठ महिन्यांचं काय व्हायचं ते होवो. खरं तर त्या घटकेला त्यांना आठ महिने आठवलेही नाहीत. सगुणाबाई अलमाऱ्यांकडे बघत होत्या.

"गुरुजी, त्यो दारात येऊन मागायचा ना? कोनतं पुस्तक मागायचा?"

विष्णुपंतांना सहाशे पुस्तकांचे नंबर तोंडपाठ होते. एखादं नाव सांगणं म्हणजे काय अवघड होतं? तारे सांगावेत, विहिरी सांगाव्यात, आगगाडीच्या इंजिनाचं सांगावं, पोरांना आवडतं तसलं काही. आईनं ते जन्मभर जपलं असतं.

"आठवत नाही, बाई. लय पोरं यायची. खरंच आठवत नाही. चेहरासुद्धा आठवत नाही मला त्याचा."

"मला तर रोज सांगायचा," सगुणाबाई म्हणाल्या. "येता-जाता तेच. माय, ते पुस्तक हाय, गुरुजींनी वर्गात सांगितलं, त्यात असं हाय, मला तेच पाहिजे. नाव घ्यायचा त्याचं. पर माज्या डोक्यावर मातीचं टोपलं, पोटात अन्न न्हाई. हां हां म्हनायची मी. ध्यान देऊन ऐकलंच न्हाई कवा."

रस्त्यावरून बैलगाडी गेली. सगुणाबाई भिंतीला हात लावून उठल्या, अलमारीजवळ गेल्या आणि जाळीतून आत बघू लागल्या. आत नुसते खाकी कागद आणि नंबर. वाचता येणाऱ्यालाही तिथं काही दिसलं नसतं.

"ह्या सगळ्यांची नावं वाचा," त्या म्हणाल्या. "मला सांगता येत न्हाई, पर कानावर पडलं तर वळखू येईल. वाचा तुमी."

"सगळी?"

"सगळी. न्हाई तर मला कसं कळावं?"

विष्णुपंतांनी कुलूप काढलं. दार गंजलं होतं, दोनदा ओढावं लागलं. त्यांनी वरच्या खणातलं पहिलं पुस्तक काढलं, कव्हरावरची धूळ धोतराला पुसली, पहिलं पान उघडलं आणि वाचलं, "फळझाडांची निगा."

"न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी दुसरं काढलं. तिसरं काढलं. केशर पुढं आली आणि वाचून झालेली पुस्तकं त्यांच्या हातातून घेऊन बाकावर रचू लागली. सगुणाबाई डोळे मिटून उभ्या होत्या, कान दिलेला, पदर तोंडावर धरलेला. प्रत्येक नावानंतर त्यांची मान थोडी हलायची. कुठल्याशा खणातलं एक पातळसं पुस्तक निघालं. विष्णुपंतांनी त्याचं नाव वाचलं, "पाण्याखालची सृष्टी."

"थांबा," सगुणाबाई म्हणाल्या. "पुन्ना वाचा."

"पाण्याखालची सृष्टी."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठ हलत होते, ते नाव त्या स्वतःशी म्हणून बघत होत्या, चालताना म्हणावं तसं, एकदा, दोनदा. विष्णुपंत हातात पुस्तक धरून थांबले. आयुष्यात त्यांनी देवाकडे काही मागितलं नसेल इतकं त्या क्षणी मागितलं.

"न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "हे न्हवं. फुडचं वाचा."